कारण खरं आहे, मग दवाखाना कशासाठी?

मराठवाड्यातलं कुठलंही वर्तमानपत्र उघडा, आतल्या पानावर एक ठरलेलं वाक्य सापडतं: ‘नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून’. पुढे गाव, वय, किती एकर आणि कोणत्या बँकेचं कर्ज. अलीकडे अशा बातमीखाली एक छोटी चौकट दिसते, मानसिक मदतीसाठी १४४१६ वर फोन करा म्हणून. वरचं वाक्य वाचणाऱ्याला लगेच पटतं. खालची चौकट मात्र कळत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली, उभं सोयाबीन पाण्यात सडलं, नदीकाठच्या रानातली माती खरवडून गेली. तिथं फोनवर बोलून काय होणार?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी दुसऱ्याच प्रश्नाकडे जावं लागतं: मनाच्या त्रासासाठी डॉक्टर गाठायचा तो नेमका कधी? रोजच्या टेन्शनसाठी कुणी दवाखान्यात जात नाही, आणि जाऊही नये. मग रेघ कुठं मारायची?

कारण सापडलं की विषय संपतो का?

आपल्याकडे मानसिक त्रासाचं पहिलं निदान शेजारीपाजारी करतात आणि ते कायम कारणाच्या भाषेत असतं. पाऊस दगा देऊन गेला म्हणून. पोरीची सोयरीक मोडली म्हणून. पोराला नोकरी नाही म्हणून. सरकारी पद्धतही तीच. शेतकऱ्याने जीव दिला तर कुटुंबाला एक लाखाची मदत द्यायची की नाही हे ठरवताना कर्ज होतं का, नापिकी होती का, वसुलीचा तगादा होता का, एवढं बघतात आणि प्रकरण पात्र किंवा अपात्र ठरतं. मदत वाटायला काहीतरी निकष लागतो, हे समजू शकतं. पण यातून सगळ्यांच्याच डोक्यात एक हिशेब पक्का बसलाय. कारण खरं असेल तर माणूस आजारी नाही, परिस्थितीने गांजलाय. कारण सापडत नसेल तर तो नाटक करतोय, नाहीतर बाहेरचं काहीतरी लागलंय. दोन्हीकडून दवाखाना बाद.

शेतातली मोटार डोळ्यापुढे आणा. व्होल्टेज कमी असताना रेटून चालवली तर ती घुमते, तापते आणि शेवटी जळते. दोष लाइनीचा, मोटारीचा नाही, हे अगदी खरं. पण उद्या व्होल्टेज पुरं आलं म्हणून जळालेली मोटार पाणी फेकत नाही, ती वाइंडिंगवाल्याकडे न्यावीच लागते. कर्ज, दुष्काळ, घरातलं मरण, सोडचिठ्ठी ही झाली लाइन. झोप, भूक, विचार, उमेद चालवणारी मेंदूतली यंत्रणा ही मोटार. लाइनीबद्दल महावितरणशी भांडा, जरूर भांडा. मोटारीचं काय झालंय ते वेगळं तपासावं लागतं.

माणूस मोटारीहून बरा एवढ्याच अर्थाने की तो पुष्कळदा आपोआप सावरतो. म्हणूनच प्रत्येक दुःखाला डॉक्टर लागत नाही. भाऊ गेल्यावर महिना-दोन महिने जेवण न जाणं, पीक बुडाल्यावर चिडचिड होणं, परीक्षेआधी पोटात गोळा येणं, हे आजार नाहीत. कारण कितीही लहान असो वा मोठं, मदत घ्यायची की नाही हे त्या कारणावर ठरत नाही. किती दिवस झाले, किती खोल गेलंय आणि काय काय अडलंय, यावर ठरतं.

दोन माणसं, एकच नुकसान

दोन शेतकरी घेऊ. दोघंही पन्नाशीचे, दोघांचं चार-चार एकर सोयाबीन गेलेलं.

पहिला महिनाभर सगळ्यांवर खेकसत होता. पण पंचनाम्यासाठी तलाठ्यामागं हिंडला, म्हशीचं दूध रोज डेअरीवर घातलं, रात्री उशिरा का होईना डोळा लागायचा. नातू अंगावर चढला की हसायचा. अनुदान खात्यात पडलं तेव्हा ‘एवढ्यात काय होतंय’ म्हणून शिव्या घातल्या आणि हरभऱ्याचं बियाणं आणायला गेला. हा माणूस दुःखात आहे, रागात आहे. त्याला दवाखान्याची नाही, भावाची गरज आहे.

दुसऱ्याला अनुदानासाठी केवायसी करायची आहे. आधार कार्ड घेऊन सेतूवर जायचं, अंगठा लावायचा, एवढंच काम. तीन आठवडे झाले, होत नाही. पहाटे तीनला जाग येते ती येतेच, मग पत्र्याकडं बघत पडून राहतो. सकाळी सगळ्यात जड जातं, दिवस कलला की थोडं बरं वाटतं. दाढी वाढलीय. पारावर बसणं सोडलं. फोन वाजला की पालथा घालतो. बायको म्हणते, “कामून बोलेनात?” तर म्हणतो, “काही नाही.” शेवटी पोरानं हाताला धरून नेलं, केवायसी झाली, पैसे पडले. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

तपासायची जागा ही शेवटची. चांगली बातमी येऊनही मनापर्यंत पोचत नसेल तर प्रश्न आता नुसत्या लाइनीचा राहिलेला नाही.

डॉक्टर याला नैराश्य म्हणतात आणि त्याची मोजपट्टी फार अवघड नाही. दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास असणं किंवा पूर्वी आवडायचं त्यात रस न उरणं, या दोनपैकी किमान एक हवं. सोबत झोप बिघडणं, भूक मरणं किंवा उलट वाढणं, सततचा थकवा, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा उगीच येरझाऱ्या घालणं, आपण घरादाराला ओझं आहोत असं वाटणं, मरणाचे विचार. या नऊपैकी पाच गोष्टी जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे आणि त्याने रोजचं काम अडलेलं, तर नैराश्य असण्याची शक्यता मोठी. पाच भरतात का हे मोजत बसणं तुमचं काम नाही, ते डॉक्टरचं. तुम्ही दोन आठवडे आणि अडलेलं काम एवढं लक्षात ठेवा. तिसरी गोष्ट म्हणजे दिशा. तिसरा आठवडा दुसऱ्यापेक्षा वाईट गेला असेल तर चौथ्याची वाट बघू नका.

ज्यांचं काम अडतच नाही

‘काम अडलं का’ ही कसोटी घरातल्या बाईला लावली की फसते. तिचं काम अडत नाही, कारण अडू दिलं जात नाही. भाकरी होतात, धुणं होतं, खुरपायला जाणं होतं, बचत गटाचा हप्ता भरला जातो. म्हणून तिच्याबाबतीत दुसरीकडं बघावं लागतं. चुलीपुढं बसून डोळे गळतात का? कशालाच चव लागत नाही म्हणते का? लेकरांवर हात उगारणं अचानक वाढलंय का? माहेरी फोन करणं बंद झालंय का? दातखिळी बसणं, एकाएकी मटकन खाली पडणं हेही कधीकधी तोंडाने न बोलता आलेलं बाहेर पडण्याची वाट असते. आधी फिट्स वगैरे नाहीत ना हे तपासून घ्यायचं, पण तपासण्या नॉर्मल आल्या म्हणून ‘ढोंग करती’ म्हणायचं नाही. ती मुद्दाम करत नसते.

बाळंतिणीचं वेगळं सांगायला हवं. बाळ झाल्यावर आठ-दहा दिवस रडू येणं, जीव हुरहुरणं हे पुष्कळ जणींना होतं आणि निवळतं. दोन आठवड्यांपुढं गेलं तर दाखवायचं. ती रात्रंदिवस झोपत नाही, असंबद्ध बोलते, बाळाला धोका आहे किंवा बाळच वेगळं आहे असं म्हणते, तर दोन आठवडे सोडा, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

लातूरला नीटच्या तयारीला ठेवलेल्या पोरांची मोजणी त्यांच्या स्वतःच्याच आधीच्या वागण्याशी करावी, वर्गातल्या पहिल्या पोराशी नव्हे. मेसला जाणं बंद झालंय, रात्री दोन-तीन तासच झोपतंय, टेस्टला बसायचं टाळतंय, घरचा फोन आला की ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलतंय, असं असेल तर आई-बापानं मार्क विचारायच्या आधी एक चक्कर मारावी.

भीतीचंही असंच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर घराच्या छताखाली झोपायला माणसं धजेनात, हे साहजिकच होतं. मोठ्या आघातानंतरची अशी भीती बहुतेकांची काही आठवड्यांत ओसरायला लागते. एखाद्याची ओसरत नाही. तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढं उभा राहतो, जवळून ट्रक गेला तरी घाम फुटतो, त्या वाटेनं जाणंच तो टाळतो. महिना उलटून गेला तरी असं चालू असेल तर तो भित्रा आहे म्हणून नव्हे, उपचार आहेत म्हणून जायचं. पुराच्या पाण्यातून बाहेर काढलेल्यांना आणि अपघातातून वाचलेल्यांनाही हेच लागू.

दुखतंय छातीत, तपासायचं मन?

आपली माणसं ‘मन उदास आहे’ असं म्हणत डॉक्टरकडे जात नाहीत. ती म्हणतात, डोकं जड पडतंय, छातीत धडधड होती, हातापायाला मुंग्या येत्यात, अंगातलं अवसान गेलंय, गॅस वर चढतोय. तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी निघतो, नॉर्मल येतो. ताकदीचं म्हणून एक सलाईन लागतं. आठ दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. दुसरा डॉक्टर, सोनोग्राफी. तिसरा डॉक्टर, डोक्याचा सीटी स्कॅन. हजारो रुपये जातात आणि फाईल जाड होते. त्या फाईलमधला प्रत्येक रिपोर्ट नॉर्मल असतो.

त्रास खोटा नसतो. ताण आणि नैराश्य शरीरातूनच बोलतात. धडधड खरी असते, घाम खरा असतो. अचानक छातीत धडधड, श्वास कोंडणं आणि ‘आता मी मरतो’ अशी भीती काही मिनिटांत टोकाला जाऊन ओसरते, त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. पहिल्यांदा असं झालं तर हृदयाचीच तपासणी करायची, यात शंका नको. पण ती दोनदा नीट निघाली आणि त्रास चालूच असेल तर तिसऱ्या सोनोग्राफीऐवजी मनोविकारतज्ज्ञाकडं जा.

उलटंही खरं आहे. थायरॉइड मंदावला, रक्त कमी झालं, बी-१२ उतरलं तरी माणूस अगदी नैराश्यासारखाच गळून जातो. म्हणून चांगला मनोविकारतज्ज्ञ आधी रक्त तपासायला सांगतो. ‘डोक्याच्या डॉक्टरने रक्त कशाला काढलं’ म्हणून नाराज होऊ नये.

इथं दिवस मोजायचे नाहीत

काही गोष्टींना दोन आठवड्यांचा नियम लागत नाही. कुणालाच ऐकू येत नाहीत असे आवाज ऐकू येणं, घरचेच जेवणात काही घालतात असा पक्का संशय. दोन-दोन रात्री न झोपताही अंगात प्रचंड जोर, वाऱ्यासारखं बोलणं आणि पैसे उधळणं. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम सोडल्यावर हात थरथरणं, भ्रम होणं, आकडी येणं. यातला दारूचा मुद्दा लोकांना माहीत नसतो. शपथ घालून एका दिवसात सोडायला लावलेली दारू क्वचित जिवावर बेतते, म्हणून जुना पिणारा डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवावा.

आणि मरणाचे विचार. ‘मी नसलो तर तुमचं बरं होईल’ असं बोलणं, अचानक कुणाकुणाचे हिशेब पुरे करणं, आवडीच्या वस्तू देऊन टाकणं, फार दिवस बेचैन असलेला माणूस एकाएकी शांत होणं, हे दिसलं तर त्याच दिवशी विचारायचं. विचारल्याने डोक्यात नसलेलं भरेल, अशी भीती सगळ्यांना असते. अभ्यास सांगतात, तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसाला हलकं वाटतं. आडवळणाने नको, सरळ विचारा: “आबा, लई दिवस झालं बघायलोय, तुमचं कशात मन नाही. जगणं नको असं वाटायलंय का?”

‘हो’ आलं तर वाद घालू नका, लेकराबाळांची शपथ घालू नका, ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका. ऐका. एकटं सोडू नका. फवारणीची औषधं घरातून हलवा, कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडं द्या. ही सूचना साधी दिसते, पण तिच्यामागे मोठा अनुभव आहे. श्रीलंकेने सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण कितीतरी खाली आलं. टोकाची वेळ अनेकदा थोडाच काळ टिकते, तेवढा वेळ हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. मग १४४१६ वर फोन करा किंवा सरळ जिल्हा रुग्णालयात न्या. काही घेतल्याचा नुसता संशय आला तरी १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा सोबत ठेवा.

पोलीस केस होईल म्हणून कुटुंबं इथं अडखळतात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा असं धरून चालतो की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता, त्याला शिक्षा नव्हे तर उपचार द्यायचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, असा प्रयत्न हाच गुन्हा धरणारं जुनं कलम ३०९ उरलेलं नाही. रुग्णालयात नोंद होते, पोलीस विचारपूस करतात. तेवढ्यासाठी उशीर करू नका.

जायचं म्हणजे कुणाकडं?

मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएस करून पुढे मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध लिहायचा अधिकार त्याला. मानसशास्त्रज्ञ तपासण्या करतो आणि बोलण्यातून उपचार देतो, गोळ्या देत नाही. समुपदेशक ऐकून घेतो, मार्ग काढायला मदत करतो. पण समुपदेशकाची पाटी कुणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण काय झालंय हे विचारायला लाजू नका. मरणाचे विचार, भास, अनेक रात्रींचं जागरण, दारू यांपैकी काही असेल तर सुरुवात मनोविकारतज्ज्ञापासून करा. घरातली भांडणं, अभ्यासाचा ताण, निर्णय होत नाही, अशा गोष्टींना समुपदेशकापासून सुरुवात चालते.

मनोरुग्णालय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं येरवडा येतो. राज्यातली जुनी चार मोठी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, मराठवाड्यात एकही नाही. पण शंभरातल्या बहुतेकांना तिथं जायची गरजच नसते, त्यांचं काम बाह्यरुग्ण विभागात भागतं. तो विभाग आपल्याकडं आहे: छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांत केसपेपरचे थोडे पैसे पडतात.

२०१५ मध्ये शेतकरी आत्महत्या जास्त असलेल्या १४ जिल्ह्यांसाठी राज्याने ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, त्यात मराठवाड्याचे सगळे जिल्हे होते. आशाताईंनी घरोघरी जाऊन प्रश्नावली भरून घ्यायची आणि त्रासात असलेल्यांना पुढे पाठवायचं, अशी ती रचना. कागदावर उत्तम. पण गावात आशाताई म्हणजे कुणाची तरी जाऊ नाहीतर भावजय असते, आणि सख्ख्या नात्यातल्या बाईपुढं ‘मला जगावंसं वाटत नाही’ असं कोण सांगणार? हा माझा अंदाज नव्हे, गावात राहणाऱ्या कुणालाही विचारा. म्हणून फोनची सोय महत्त्वाची. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा. १४४१६ नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीत. पलीकडचा माणूस तुमच्या गावचा नसतो आणि तुमच्या भावकीतला तर नसतोच. गरज वाटली तर तो पुढे मनोविकारतज्ज्ञाशी जोडून देतो.

“एकदा गोळ्या लागल्या की सुटत नाहीत”

हा आक्षेप पारावर हमखास निघतो आणि त्यात अर्धं खरं आहे. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ अल्प्राझोलाम, फार दिवस घेतल्या तर सवय लागते. गंमत अशी की डॉक्टरकडं जायला घाबरणारी कितीतरी माणसं मेडिकलवाल्याकडून हीच गोळी विनाचिठ्ठी वर्षानुवर्षं घेत असतात. नैराश्याच्या मुख्य गोळ्या वेगळ्या असतात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन ही त्यातली नेहमीची नावं. त्यांची नशा होत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही.

त्यांची अडचण दुसरीच आहे. त्या हळू चालतात. नीट फरक पडायला दोन ते चार आठवडे, कधी सहा लागतात. पहिल्या आठवड्यात मात्र मळमळ, पित्त, अस्वस्थपणा होऊ शकतो. म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर. नेमकं याच टप्प्यावर लोक ‘गरम पडल्या’ म्हणून गोळ्या फेकून देतात. दुसरी चूक बरं वाटल्यावर होते. पहिल्यांदाच आजार झालेल्याला साधारणपणे बरं वाटू लागल्यावरही सहा ते नऊ महिने गोळ्या घ्यायला सांगतात, मग हळूहळू कमी करून बंद करतात. एकदम सोडल्या तर चक्कर, बेचैनी येते आणि लोक म्हणतात, ‘बघा, सवय लागली.’ काहींना खरोखर जास्त वर्षं गोळ्या लागतात, विशेषतः आजार वारंवार उलटत असेल तर. बीपीच्या गोळीबद्दल मात्र आपण अशी तक्रार करत नाही. त्रास सौम्य असेल तर नुसत्या बोलण्याच्या उपचारानेही भागतं, गोळी लागतेच असं नाही.

“डॉक्टर काय कर्ज फेडणार आहे का?”

नाही. आणि कुणी तसं भासवत असेल तर त्याला हाकला. सोयाबीनला भाव मागणाऱ्या माणसाला समुपदेशनाला पाठवणं ही थट्टा आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर बाजार समितीत आणि मंत्रालयात आहे, ते केसपेपरवर शोधू नये.

पण कर्ज फेडायला, निदान त्याच्याशी झुंजायला, डोकं जाग्यावर लागतं. बँकेत जाऊन एकरकमी तडजोडीचं विचारायचं, पतसंस्थेची नोटीस उघडून वाचायची, भावाशी वाटणीचं बोलायचं, पुढच्या हंगामात काय पेरायचं ते ठरवायचं. नैराश्यात नेमकी हीच ताकद जाते. वाट असली तरी दिसत नाही, दिसली तरी पाऊल उचलत नाही. उपचाराने कर्ज एक रुपयाने कमी होत नाही, पण बँकेच्या दारापर्यंत जाणारा माणूस परत मिळतो. वर सांगितलेल्या दुसऱ्या शेतकऱ्याचे तीन आठवडे केवायसीविना गेले, ते आठवा.

“पोरीची सोयरीक जमायची नाही”

ही भीती खोटी आहे असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. लोक बोलतात. ‘डोक्यावर परिणाम झालाय’ हे वाक्य गावभर फिरायला एक दिवस पुरतो. पण उपचार न घेतलेला आजारही लपून राहत नाही, तो तर रस्त्यावर येतो. उपचार घेणारा बहुतेक वेळा गुपचूप बरा होऊन कामाला लागतो. २०१७ च्या कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. शिवाय जिल्ह्याच्या रुग्णालयात रांगेत उभं राहिलं तर कुणी ओळखीचं भेटेल ते स्वतःच्या कामाला आलेलं असणार. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दहा प्रौढांमागे साधारण एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना होते. हजार वस्तीच्या गावात हा हिशेब करून बघा, म्हणजे बोलणाऱ्यांच्या घरातही कुणीतरी निघेल.

देवऋषीचंही लगेच सांगतो. श्रद्धेने कुणी अंगारा लावत असेल, दर्ग्यावर बसून मनाला शांत वाटत असेल, तर माझं काही म्हणणं नाही. गोळ्या बंद करायला लावणं, साखळीने बांधणं, भूत काढायचं म्हणून मारणं, हे मात्र चालवून घ्यायचं नाही. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं-मारणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

पहिल्या भेटीला जाताना

घरातलं एक माणूस सोबत न्या, शक्यतो झोपेकडं ज्याचं लक्ष असतं ते. आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या, रिपोर्ट, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत घाला. बीपी-शुगरच्या गोळ्याही सांगा, मेडिकलवरून परस्पर आणलेली झोपेची गोळीही सांगा, दारू-तंबाखूचं खरं प्रमाण सांगा. डॉक्टर झोप, भूक, काम, घर, आधी कुणाला असा त्रास होता का, हे विचारतात. मरणाचा विचार येतो का हेही विचारतात, ते सगळ्यांनाच विचारतात. सरकारी ओपीडीत गर्दी असते, दहा मिनिटांत उरकलं तर राग मानू नका. महत्त्वाचं आधी बोला आणि सोबतच्या माणसासमोर बोलता येत नसेल तर ‘दोन मिनिटं एकट्यानं बोलायचंय’ असं म्हणा. न पटल्यास डॉक्टर बदलता येतो, फक्त मधल्या काळात गोळ्या स्वतःहून थांबवू नका.

पुढची तारीख केसपेपरवर लिहून घ्या. दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जायचं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. पाच-सहा महिने फडात असताना अंबाजोगाईला किंवा बीडला येणं होणार नाही, हे डॉक्टरला आपोआप कळत नाही. किती दिवसांची औषधं एकदम मिळतील, संपली तर त्या भागातल्या कुठल्या सरकारी रुग्णालयात ही चिठ्ठी दाखवायची, हे विचारून घ्या आणि चिठ्ठीचा फोटो मुकादमाच्या नव्हे, स्वतःच्या फोनमध्ये काढून ठेवा.